तंबूसाठी हक्काची जागा हवी

प्रति,
मा. संपादक महोदय,

विषय : सर्वसामान्य कुटुंबांसाठी साधे, परवडणारे तंबूतळ सुरू करण्याबाबत

स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की आपल्या दैनिकाची आतली पाने सहलींच्या जाहिरातींनी भरू लागतात आणि काश्मीर असो, केरळ असो की दुबई, प्रत्येक चौकटीच्या तळाशी सुलभ हप्त्यांची सोय असल्याचे बारीक अक्षरांत छापलेले असते. मी नाशिकमधील एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते. मे महिन्यातील आठ दिवसांच्या सहलीचा हप्ता पुढच्या मे महिन्यापर्यंत कसा पाठ सोडत नाही, हे मला टेबलाच्या अलीकडे बसून दर महिन्याला दिसते. गेली चार वर्षे आमचे कुटुंब हप्ता न काढता ज्या पद्धतीने सुट्टी घालवते, तिच्याविषयी आणि त्या पद्धतीला शासनाने थोडी जागा, अगदी शब्दशः जागा, करून द्यावी याविषयी हे पत्र आहे.

आमचे घर पाच माणसांचे. मी, माझे यजमान, आठवीतील मुलगी, चौथीतील मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. गेल्या वर्षी मे महिन्यात महाबळेश्वरला दोन रात्री राहण्याची चौकशी केली, तेव्हा मुलगी बारा वर्षांवरील म्हणून मोठ्या माणसांत धरली गेली, एका खोलीत पाचजणांना राहता येणार नाही असे सांगण्यात आले आणि दोन खोल्यांचे मिळून अठरा हजार रुपये पडतील असा आकडा ऐकवण्यात आला. प्रवास, जेवणखाण, घोडा आणि भाजलेली कणसे हा खर्च वेगळा. आम्ही फोन ठेवला आणि त्याच आठवड्यात तंबू घेऊन भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठच्या एका वाडीत दोन रात्री राहून आलो.

त्या सहलीचा हिशेब माझ्या वहीत आहे. नाशिकहून घोटीपर्यंत एसटीने गेलो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट असल्याने मी, मुलगी आणि सासूबाई अर्ध्या तिकिटात बसलो, मुलगा वयामुळे अर्ध्या तिकिटात, आणि पूर्ण तिकीट फक्त यजमानांचे. जाऊन-येऊन पाचजणांचे ५६० रुपये झाले. घोटीहून पुढे वाडीपर्यंत नेणाऱ्या आणि तिसऱ्या दिवशी परत आणणाऱ्या जीपला १,४०० रुपये दिले. ज्यांच्या खळ्यावर तंबू लावला त्या घराला जागा, पाणी आणि शौचालयाच्या वापरापोटी माणशी रात्रीचे १०० याप्रमाणे हजार रुपये, त्यांच्याच घरी दोन्ही रात्रींच्या पिठले-भाकरीचे १,२०० आणि बाकीचा शिधा, फळे, स्टोव्हचे रॉकेट म्हणून मुलगा ज्याला संबोधतो तो छोटा गॅसचा डबा मिळून ९०० रुपये. एकूण ५,०६०. तंबू २०२१ साली ५,६०० रुपयांना घेतला होता आणि आजवर तो सात वेळा लागला आहे, म्हणजे खेपेला ८०० रुपये पडले. पुढच्या खेपेला ते आणखी कमी होतील. बाकी सामान घरातलेच आहे. ताडपत्री, सतरंज्या, गोधड्या, कुकर, दोन पातेली, बॅटरी, सुंभाचे वेटोळे आणि पाण्याचा कॅन यांपलीकडे काही लागत नाही. ज्यांना तंबू विकत घ्यायचा नाही त्यांना तो भाड्यानेही मिळतो. मोठ्या शहरांत डोंगरवाटांचे साहित्य भाड्याने देणारी दुकाने आहेत.

पहिल्या खेपेला आमची चांगलीच फजिती झाली होती, आणि ती न सांगता केवळ स्वस्ताईचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मे २०२२ ची गोष्ट. दुपारी तीनला तंबू उभा केला, मुलांनी आत बाहेर शंभर फेऱ्या मारल्या आणि सहाच्या सुमारास कळसूबाईच्या बाजूने आभाळ काळे झाले. वळीव कसा येतो हे आम्ही खिडकीतून पाहिलेले होते, उघड्यावर कधीच नाही. आधी वारा आला. यजमानांनी खुंट्या जमिनीत सरळ उभ्या ठोकल्या होत्या, त्या दाढ उपटावी तशा एकामागून एक बाहेर आल्या. मग पाऊस आला, आणि तंबूखाली अंथरलेली ताडपत्री आम्ही हौसेने चारी बाजूंनी हात हातभर बाहेर ठेवलेली असल्यामुळे तंबूवरून ओघळणारे सगळे पाणी तिच्यावर साठून थेट आमच्या गाद्यांखाली शिरले. सासूबाईंनी पिशवी उचलली आणि एक शब्द न बोलता समोरच्या घराच्या पडवीत जाऊन बसल्या. पाठोपाठ आम्हीही गेलो. त्या घरातील आजींनी चुलीपाशी जागा करून दिली, काळा चहा दिला आणि रात्री त्यांच्या मुलाने यजमानांना खुंटी कशी ठोकायची ते दाखवले. खुंटीचे डोके तंबूपासून उलट दिशेला कललेले हवे, तणावा, म्हणजे तंबू ताणून धरणारी दोरी, तिच्याशी काटकोनात यायला हवा आणि खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या बुडापेक्षा चार बोटे लहान असायला हवी, म्हणजे तिची कड बाहेर डोकावत नाही. एवढे तीन नियम पाळू लागल्यापासून आमचा तंबू दोन वळवांतून कोरडा बाहेर आला आहे. पहाटे कापडाला आतून जे थेंब धरतात ते पावसाचे नसून आपल्याच श्वासाचे असतात, त्यामुळे वरची जाळी थंडीतही पूर्ण बंद करायची नाही, हेही आम्हाला त्या आजींच्या नातवानेच सांगितले.

तंबूत राहणे म्हणजे परदेशी खूळ, असे आमच्या नात्यातील काही मंडळी म्हणतात. त्यांना मी आषाढाची आठवण करून देते. माउलींच्या पालखीबरोबर लाखो माणसे आळंदीहून निघतात आणि लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करीत वाखरीला पोहोचतात, तेव्हा त्यांच्या रात्री राहुट्यांतच जातात. दिंडीचा ट्रक पुढे जातो, तळावर ठरलेल्या जागी राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात आणि पहाटे सगळे आवरून पुन्हा वाट धरली जाते. राहुटी, पाल, तळ, मुक्काम, तणावा, खुंटी हे सगळे शब्द आपल्या भाषेत आधीपासून आहेत. पालख्यांच्या मुक्कामासाठी शासनाने जागा राखल्या, तेथे पाण्याच्या आणि शौचालयांच्या सोयी केल्या; गर्दीच्या मानाने त्या अपुऱ्या असतील, पण तळ ही सार्वजनिक सोय आहे आणि ती पुरवणे सरकारचे काम आहे, हे तत्त्व तेथे मान्य झालेले आहे. माझी मागणी त्याच तत्त्वाची अगदी लहान आवृत्ती आहे.

कारण आज 'कॅम्पिंग' या नावाखाली जे विकले जाते त्याचा कुटुंबाशी फारसा संबंध उरलेला नाही. दोन वर्षांपूर्वी, सगळी व्यवस्था आयती मिळेल या मोहाने, आम्ही एका धरणाकाठच्या तयार तंबूंच्या जागी एक रात्र राहिलो. दर माणशी १,५०० रुपये. म्हणजे पाचजणांचे एका रात्रीचे साडेसात हजार. तंबू एकमेकांना खेटून चाळीसेक लावलेले, मधोमध दोन मोठे ध्वनिवर्धक, आणि चाळीस तंबूंमागे चार शौचालये, त्यांपैकी एकाला कडी नाही. रात्री दीड वाजेपर्यंत गाणी चालू होती. मुलगी उशीखाली डोके घालून झोपली होती आणि यजमान तंबूच्या दाराशी बसून होते, कारण बाहेर कोण झिंगून कोणत्या तंबूत शिरेल याचा नेम नव्हता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाहीत. ही बंदी धरणाच्या काठालाही लागू आहे. पण तेथे तक्रार करायची कोणाकडे? त्या रात्रीनंतर आम्ही पुन्हा खळ्यावर परतलो.

खळ्यावरचा मुक्काम मात्र ओळखीवर चालतो. आम्हाला ते घर सापडले ते वळवाच्या कृपेने. ज्याला अशी ओळख नाही त्याने तंबू घेऊन जायचे कोठे, याला सरळ उत्तर नाही. गडावर म्हणाल, तर केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारके साधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ उघडी असतात, आणि ते योग्यच आहे, कारण चुलीच्या धुराने काळवंडलेल्या गुहा आणि टाक्यांत तरंगणाऱ्या बाटल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अभयारण्यात परवानगीशिवाय थांबता येत नाही. धरणाच्या काठची मोकळी दिसणारी जमीन जलसंपदा विभागाची असते आणि पाण्याची पातळी उतरली की ती गाळाची निसरडी उतरण होते. तेथे मुलांना घेऊन झोपणे शहाणपणाचे नाही. खासगी शेतात न विचारता तंबू लावणे हा तर सरळ आगाऊपणा झाला. म्हणजे हौस आहे, तंबू आहे, एसटी आहे आणि उतरल्यावर पाठ टेकायला दहा बाय दहा फुटांचा अधिकृत तुकडा नाही.

माझी नणंद अमेरिकेत असते. तेथील अनेक मराठी कुटुंबे उन्हाळ्यात राज्याच्या किंवा राष्ट्रीय उद्यानांत तंबू लावून राहतात. तिने पाठवलेल्या छायाचित्रांत मला डोंगर-तळ्यांपेक्षा एका क्रमांकाच्या खांबाचे अप्रूप वाटले. जागेला क्रमांक, जागेत एक लाकडी मेज, विस्तवासाठी लोखंडी कडे, हाकेच्या अंतरावर नळ आणि स्वच्छतागृह. जागा आधी ऑनलाइन राखून ठेवायची. भाडे बहुतेक ठिकाणी माणशी नसते, जागेमागे असते, आणि रात्री साधारण दहा ते सहा शांतता पाळावीच लागते. जागेमागे भाडे या एका गोष्टीने मोठ्या कुटुंबाचे गणित पालटते. आजी बरोबर आल्या म्हणून आणखी दीड हजार रुपये मोजावे लागत नाहीत. तिथले सगळे इथे जसेच्या तसे आणता येणार नाही, आणायचेही नाही. आपल्याकडे शेजारी गाव असते, त्या गावात भाकरी मिळते आणि आमच्या अनुभवात सुट्टीचा अर्धा आनंद त्या घरातल्या माणसांचाच होता.

भाकरीवरून एक गोष्ट लिहिते, जरी ती काहींना विषयांतर वाटेल. तंबूची सहल स्वस्त पडते याचे एक कारण पुष्कळदा असे असते की, हॉटेलात जे काम पगारी माणसे करतात ते येथे घरातली बाई फुकट करते. घरचा ओटा सोडून तीन दगडांच्या चुलीपुढे वाकायचे, तेही पाणी लांबून आणून, आणि त्याला सुट्टी म्हणायचे, हे मला मान्य नव्हते. म्हणून आमच्याकडे तंबूचा कायदा वेगळा आहे. सकाळचे पोहे आणि दुपारची खिचडी यजमान आणि मुले करतात, भांडी मुलगा आणि त्याची बहीण आळीपाळीने घासतात, रात्रीचे जेवण गावातल्या घरी पैसे देऊन. पहिल्या दिवशीची खिचडी तळाला लागली होती आणि सासूबाईंनी ती "खरपूस झाली आहे" असे म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतली. एरवी त्या माझ्या खिचडीत मीठ शोधतात.

भीतीचा विषय टाळून चालणार नाही, कारण मी ओळखीच्या बायकांना या सहलीबद्दल सांगितले की पहिला प्रश्न शौचालयाचा आणि दुसरा सापाचा येतो. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर उघड्यावर झोपलेल्या माणसाला तिचा दंश झाला तर तो कित्येकदा जाणवतही नाही. उलट बूड शिवलेल्या, चेन पूर्ण लावलेल्या तंबूत ती शिरू शकत नाही. चेन उघडी टाकायची नाही, चपला-बूट झटकून घालायचे, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचे नाही, तंबूभोवती उष्टे सांडायचे नाही आणि काही झालेच तर मांत्रिकाच्या नादी न लागता सरळ सरकारी रुग्णालय गाठायचे. साप परवडला, पण शेगडी नको. थंडीच्या दिवसांत ऊब राहावी म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेणारी माणसे मी पाहिली आहेत. बंद जागेतील निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू निघतो आणि झोपलेला माणूस झोपेतच दगावू शकतो. शौचालयाच्या प्रश्नाला मात्र आमच्याकडे वैयक्तिक उत्तर नाही. ते सार्वजनिकच असावे लागते, आणि तेथूनच मी मूळ मागणीकडे येते.

प्रत्येक जिल्ह्यात निदान दोन-तीन ठिकाणी, पर्यटकांची आधीच ये-जा असलेल्या गावांलगत, पंधरा-वीस तंबूंपुरती सपाट आणि पाणी न तुंबणारी जागा आखून द्यावी. स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र, आतून कडी लागणारी, दिवा असलेली शौचालये, पाण्याची टाकी, रात्रभर एक रखवालदार आणि गावातील दवाखान्याचा रस्ता दाखवणारी पाटी एवढ्यात भागते. स्वागतकक्ष, सेल्फीसाठीचे हृदय आणि कमान यांवर पैसे घालवू नयेत. व्यवस्था ग्रामपंचायतीकडे किंवा गावच्या महिला बचत गटाकडे द्यावी, भाडे जागेमागे ठरवून फलकावर लिहावे आणि पावती द्यावी. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. चाकांवरचे घर घेऊन फिरणाऱ्यांसाठी धोरण होऊ शकते, तर खांद्यावर तंबू घेऊन एसटीतून उतरणाऱ्या कुटुंबाचाही विचार व्हायला हरकत नसावी. पर्यटन विकास महामंडळाच्या ज्या निवासस्थानांभोवती मोकळे आवार आहे, तेथे आवाराच्या एका कोपऱ्यात दहा तंबूंची परवानगी देऊन हा प्रयोग फारसा खर्च न करता याच दिवाळीच्या सुट्टीत करता येईल. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तंबूसाठी खरा हंगाम आहे. मे महिन्यात सह्याद्रीच्या माथ्यावर किंवा सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यासारख्या ठिकाणीच रात्र सुसह्य होते आणि विदर्भ-मराठवाड्याच्या सपाटीवर त्या दिवसांत तंबूचा विचारही करू नये.

यावर असा आक्षेप येईल की, जागा दिली की कचरा येणार, गोंगाट येणार. आक्षेप खरा आहे. भंडारदऱ्याच्या परिसरात मे अखेरीस, पहिल्या सरींच्या आगेमागे, सादडा, हिरडा, बेहडा अशा झाडांवर काजवे चमकू लागतात. त्यांचे लुकलुकणे ही नर-मादीची एकमेकांना खूण असते आणि ती पाहायला येणाऱ्यांच्या गाड्यांच्या दिव्यांनी तीच खूण पुसली जाते. आमच्या मुलाने एका सादड्याखाली अर्धा तास बॅटरी न लावता बसून काजवे पाहिले आणि तेवढ्या वेळात सात गाड्यांनी झाडावर झोत टाकला. माणसे आजही येतातच आहेत, फक्त ती कोठेही थांबतात, कोठेही खातात आणि कोणालाच जबाबदार नसतात. जागा आखून दिली की संख्या मर्यादित करता येते, वाहने बाहेर थांबवता येतात, दहानंतर दिवे आणि आवाज बंद करवता येतात आणि निघताना कचऱ्याची पिशवी दाखवल्याशिवाय अनामत परत न देण्याचा नियम लावता येतो.

दुसरा मुद्दा पाण्याचा, आणि तो मला अधिक बोचतो. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणातील पाणी प्रवरेच्या खोऱ्यातून खालच्या तालुक्यांच्या उसाला जाते आणि जलाशयाच्या वरच्या अंगाच्या महादेव कोळ्यांच्या वाड्यांत मे महिन्यात बायका हंडे घेऊन लांब चालतात. ज्या घराच्या खळ्यावर आम्ही राहतो, त्या घरातील सुनेने आमच्यासाठी म्हणून दोन हंडे जास्तीचे आणलेले पाहिले त्या दिवसापासून आम्ही पिण्याचे पाणी घोटीहून कॅनमध्ये भरून नेतो आणि दोन दिवस अंघोळीला सुट्टी देतो. तंबूतळाला मंजुरी देताना पाण्याची टाकी टँकरने का होईना पण तळाची स्वतंत्र असावी, गावाच्या विहिरीवर तिचा भार टाकू नये, ही अट पहिल्या क्रमांकावर लिहावी. ती पाळणे जमत नसेल तेथे तळ देऊच नये.

या दिवाळीत आमच्याबरोबर आमच्या इमारतीतील आणखी दोन कुटुंबे येऊ इच्छितात. खळ्यावर तीन तंबू मावत नाहीत आणि एका शौचालयावर तेरा माणसांचा भार त्या घरावर टाकणे योग्य नाही, म्हणून दोघांना आम्हाला नाही म्हणावे लागणार आहे. पर्यटन विभागाने आणि जिल्हा प्रशासनाने या सूचनेवर आपले म्हणणे मांडावे, ही आपल्या दैनिकामार्फत विनंती.

कळावे.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)